जुन्या गोव्यातील आर्चबिशपचा वाडा



आपल्या या मालेला वसंत व्याख्यानमाला म्हणतात. पण वऱ्हाडातला वसंत कसा असतो हे तुम्हांला मी सांगायला नको. दिवसभर तापलेल्या घरातून उठून, सायंकाळी येथे सतरंजीवर येऊन बसायचे आणि परक्या गावाच्या गोष्टी मन लावून ऐकायच्या, ही रसिकता लहान गावांनीच टिकवून धरली आहे. त्याबद्दल आधी तुमचे आभार मानतो.

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी मला विचारले, "कापूस, पाणी, शेती हे सारे सोडून हा बिशपचा वाडा कोठून काढलात? राळेगावचा त्याच्याशी संबंध काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी शेवटी देईन. आरंभी एवढेच सांगतो की, आपल्या भागात गावोगावी पडक्या गढ्या आहेत. गढीची पांढरी माती लोक घरे सारवायला, भिंती घालायला नेतात. नेता नेता एक दिवस गढी संपते आणि तिच्याबरोबर गावाची आठवणही संपते. हे चांगले की वाईट? गढीत राहणाऱ्याने गावाला छळले असेल तर ती गेली हेच बरे, असे म्हणावे काय? हा प्रश्न मला पडला तो गोव्यात, मांडवीच्या काठी, त्या वाड्यासमोर उभा असताना.

प्रथम बिशप म्हणजे कोण ते पाहू. रोमन कॅथलिक धर्मव्यवस्थेत गावच्या देवळाचा कारभार पाद्री पाहतो, अशा अनेक देवळांवर बिशप असतो आणि अनेक बिशपांत मुख्य तो आर्चबिशप. बिशपचे आसन ज्या देवळात असते त्याला कॅथिड्रल म्हणतात. मूळ शब्दाचा अर्थच आसन किंवा खुर्ची असा आहे. पोर्तुगीज लोक त्याला 'से' म्हणतात. हा शब्द लॅटिन 'सेदेस'वरून आला, आणि त्याचाही अर्थ बसण्याची जागा. आपल्याकडे मठाची गादी म्हणतात, पीठ म्हणतात, तसाच हा प्रकार. आणि जेथे गादी तेथे गादीवर बसणाऱ्याचे घर असणारच. म्हणून युरोपातील मध्ययुगीन शहरांत कॅथिड्रलच्या शेजारी बिशपचा वाडा हमखास आढळतो. त्यात नुसते शयनगृह आणि मुदपाकखाना नसे. मोठे दालन असे, खासगी प्रार्थनामंदिर असे, दप्तर असे. विवाह, वारसा, धर्मभ्रष्टता यांचे खटले चालवणारे न्यायासनही बिशपच्याच हाताखाली असे, आणि न्यायासन आले की तुरुंग आलाच. थोडक्यात, बिशपचा वाडा म्हणजे धर्मसत्तेची कचेरी.

ही युरोपीय व्यवस्था जशीच्या तशी उचलून आपल्या देशात आणली गेली ती गोव्यात. २५ नोव्हेंबर १५१० रोजी अफोन्सो द अल्बुकर्क याने आदिलशाहीचे गोवा शहर दुसऱ्यांदा आणि कायमचे जिंकले. त्या दिवशी संत कॅथरिनचा सण होता. म्हणून पुढे जे मोठे कॅथिड्रल झाले ते तिच्या नावाने झाले. १५३३-३४ च्या सुमारास पोपने गोव्याला बिशपची गादी मंजूर केली. १५३८ साली जुआन द अल्बुकर्क नावाचा फ्रान्सिस्कन संन्यासी पहिला बिशप म्हणून गोव्यात येऊन राहिला. त्याचे कार्यक्षेत्र ऐकले तर थक्क व्हाल. आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून थेट चीनपर्यंत! १५४२ साली फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला तेव्हा त्याच्याजवळ पोपची अधिकारपत्रे होती. ती त्याने ह्याच बिशपच्या पायांशी ठेवली, असे त्याचे चरित्रकार सांगतात.

पुढे ही गादी आर्चबिशपची झाली. गास्पार द लेआंव हा पहिला आर्चबिशप १५६० साली गोव्यात आला. आपण पुस्तकप्रेमी मंडळी आहात म्हणून सांगतो, गोव्यात छापखाना आला तो १५५६ साली, आणि हिंदुस्थानात छापलेले जे सर्वांत जुने पुस्तक आज शिल्लक आहे ते १५६१ सालचे आहे. त्याचा लेखक हाच गास्पार. आता दुसरी बाजू. ज्या १५६० साली हा पहिला आर्चबिशप आला त्याच साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, स्थापन झाले. छापखाना आणि धर्मन्यायालय, दोन्ही एकाच शहरात, चार वर्षांच्या अंतराने. हे दोन धागे सुटे करता येत नाहीत, म्हणूनच हा इतिहास कठीण आहे.

१५६२ साली 'से'चे बांधकाम सुरू झाले. मुख्य इमारत पुरी व्हायला १६१९ साल उजाडले आणि आतील वेद्यांचे काम १६५२ पर्यंत चालले. सुमारे २५० फूट लांबीचे हे देऊळ आहे. दर्शनी भागाला दोन बुरूज होते. त्यांतला एक १७७६ साली कोसळला, तेव्हापासून ते देऊळ एका बाजूने उघडे पडल्यासारखे दिसते. या 'से'च्या पश्चिमेला आर्चबिशपचा वाडा आहे. त्याच्या पलीकडे संत फ्रान्सिसचे देऊळ आणि मठ, आणि वाडा या दोहोंना जोडतो. देऊळ, वाडा, मठ अशी ही सलग रांग आहे. मठात १९६४ पासून पुरातत्त्व खात्याचे वस्तुसंग्रहालय आहे.

वाडा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे चौक, दिंडीदरवाजा, लाकडी खांब येतात. तसे येथे नाही. लांबट दुमजली इमारत, जांभ्या दगडाच्या जाड भिंती, वरून चुन्याचा गिलावा, आणि डोक्यावर कोकणातल्यासारखे उतरते कौलारू छप्पर. शेजारच्या 'से'ची उंची पाहून मग याच्याकडे पाहिले तर हे घर साधेच वाटते. प्रवासी लोक याच्यावरून सरळ निघून जातात. पण याच साधेपणाच्या आड केवढी सत्ता नांदत होती, ते दोन माणसांच्या गोष्टींवरून सांगतो.

पहिला माणूस गादीवरचा. आलेइशु द मेनेझिस हा १५९५ साली आर्चबिशप होऊन आला. १५९९ साली त्याने केरळात उदयंपेरूर येथे धर्मसभा भरवली आणि तेथल्या शेकडो वर्षांच्या जुन्या ख्रिस्ती समाजाला रोमच्या शिस्तीखाली आणले. त्या समाजाची सिरियाक भाषेतील पुस्तके तपासून, दुरुस्त करून वा जाळून टाकण्याचे ठराव याच सभेत झाले. सांता मोनिका हा स्त्रियांचा मोठा मठ त्याने १६०६ साली सुरू केला. पुढे व्हाइसरॉयची जागा रिकामी झाली तेव्हा १६०७ ते १६०९ पर्यंत राज्यकारभारही याच्याच हाती आला. म्हणजे धर्म आणि राज्य दोन्ही एका माणसाकडे. त्याच सुमारास फ्रान्स्वा पिरार नावाचा एक फ्रेंच खलाशी, जहाज फुटून मालदीवमध्ये अडकलेला, फिरत फिरत गोव्याला पोहोचला. त्याने पुढे लिहिलेले गोव्याचे वर्णन आजही त्या वैभवशाली शहराचे उत्तम चित्र मानले जाते.

दुसरा माणूस दाराबाहेरचा. मांडवीच्या काठावर उभे राहिले की समोर दिवाडी बेट दिसते. अजूनही तेथे होडीनेच जातात. ह्या बेटावर कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर होते. पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडले. देव नदीपलीकडे डिचोली भागात नार्वे येथे गेला, आणि १६६८ साली शिवाजीमहाराजांनी तेथे त्याचे देऊळ नव्याने बांधवले. मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा ही दैवतेही अशीच सोळाव्या शतकात रातोरात आपली गावे सोडून खाडीपार गेली. १५६७ साली गोव्याच्या धर्मपरिषदेत हिंदूंच्या देवळांविरुद्ध, पुरोहितांविरुद्ध आणि विधींविरुद्ध जे ठराव झाले त्यांचा हा काळ. हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत आहे.

पण त्याच दिवाडी बेटावरच्या एका ख्रिस्ती ब्राह्मण मुलाची गोष्ट कमी लोकांना माहीत असते. त्याचे नाव मातेउश द कास्त्रु, घराणे महाले. त्याला पाद्री व्हायचे होते. नदीपलीकडे आर्चबिशपची गादी दिसत होती, पण तिच्या हातून त्याला दीक्षा मिळाली नाही. एतद्देशीयांना वरच्या जागा द्यायच्या नाहीत, असे तेथले धोरण होते. तेव्हा हा मुलगा काय करतो? तो रोमला जातो! त्या काळचा तो प्रवास, महिनोन्महिन्यांचा. रोममध्ये तो शिकला, पाद्री झाला, आणि १६३७ साली चक्क बिशप झाला. लॅटिन पंथातील पहिला हिंदी बिशप तो हाच. तो परत आला तेव्हा गोव्याच्या धर्माधिकाऱ्यांनी त्याची अधिकारपत्रे मानली नाहीत. मग त्याने आपले ठाणे केले डिचोलीत, आदिलशाहीच्या मुलुखात. पाहा कसा योग आहे! दिवाडीचा देव ज्या बाजूला गेला त्याच बाजूला दिवाडीचा बिशपही गेला. एकाला धर्म वेगळा म्हणून जावे लागले. दुसऱ्याचा धर्म तोच असूनही जावे लागले.

ह्या गोष्टीवरून मला असे दिसते की ह्या इतिहासाकडे 'ते' आणि 'आपण' अशी सरळ रेघ ओढून पाहता येत नाही. ज्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला त्यांच्याही वाट्याला सुख आले नाही. १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजीमहाराजांनी जुन्या गोव्याच्या अगदी जवळचे जुवे बेट घेतले; व्हाइसरॉय कौंट आल्व्होर स्वतः धावून गेला आणि मार खाऊन परतला. शहर असे हादरले की त्याने आपला अधिकारदंड संत झेवियरच्या शवापाशी नेऊन ठेवला, असे सांगतात. दुसऱ्याच वर्षी, १६८४ च्या जूनमध्ये, याच व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. हे फर्मान गोव्याच्या ख्रिस्ती रयतेच्याच जिभेवर बसत होते. आणि ह्याच गोव्यात १६१६ साली फादर स्टीफन्सचे ओवीबद्ध मराठी ख्रिस्तपुराण धर्मसत्तेच्या अनुमतीनेच छापले गेले होते! ज्या सत्तेने मराठी ग्रंथाला परवानगी दिली, तिच्याच छायेत सत्तर वर्षांच्या आत देशी भाषेवर बंदी आली.

आता तुरुंगाकडे येतो. आर्चबिशपच्या तुरुंगाला 'अल्जूब' म्हणत. हा मूळचा अरबी शब्द; अर्थ विहीर किंवा खड्डा. शार्ल डेलों नावाचा एक फ्रेंच वैद्य दमणला वैद्यकी करीत होता. बोलण्यात मोकळा होता, तेवढ्यावरून १६७३ साली त्याला धर्मन्यायालयाने धरले. गोव्याला आणल्यावर त्याला प्रथम ह्या आर्चबिशपच्या तुरुंगात टाकले. त्याने पाहिलेल्या तुरुंगांत हा अत्यंत घाणेरडा आणि अंधारा, असे त्याने लिहिले आहे. तेथून त्याला धर्मन्यायालयाच्या कोठडीत नेले आणि १६७६ च्या जानेवारीत शिक्षा सुनावली. तो सुटून मायदेशी गेला आणि १६८७ साली त्याने आपली हकीकत छापली. गोव्याच्या धर्मन्यायालयाच्या आत काय चाले, हे जगाला कळले ते मुख्यत्वे ह्या एका माणसाच्या पुस्तकावरून.

एका माणसाच्या पुस्तकावरून का? तर १८१२ साली धर्मन्यायालय कायमचे बंद झाले आणि त्याच्या दप्तराचा फार मोठा भाग नाहीसा झाला. ज्या घरात ते भरे ते आदिलशहाचे जुने राजगृह, ज्याला सबायोचा वाडा म्हणत, तेही एकोणिसाव्या शतकात पाडले गेले. घर गेले, कागद गेले. आता मी तुम्हांला विचारतो, यात लाभ कोणाचा झाला? ज्यांना छळले त्यांचा की ज्यांनी छळले त्यांचा? छळलेल्यांची नावे त्या कागदांत होती. त्यांनी काय जबाब दिले, कोणत्या प्रश्नाला ते अडखळले, कोणाला वाचवायला खोटे बोलले, हे सारे त्यांत होते. ते जळाले तेव्हा त्या माणसांचा दुसऱ्यांदा मृत्यू झाला. आणि छळणाऱ्याच्या माथ्यावरचा पुरावा मात्र आपोआप धुऊन निघाला.

आता हे शहर ओस कसे पडले ते थोडक्यात सांगतो. साथीच्या रोगांनी लोक मरू लागले, नदी गाळाने भरू लागली, व्यापार डचांनी आणि इंग्रजांनी नेला. १६९५ साली व्हाइसरॉय पणेली येथे राहायला गेला, १७५९ साली तेथून पणजीला. आणि १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली. आर्चबिशपही जुने शहर सोडून गेले; पुढे पणजीत आल्तिन्योच्या टेकडीवर त्यांचे नवे निवासस्थान झाले. १८३५ साली धार्मिक संघांचे मठ बंद केले गेले. मठ रिकामे झाले, छपरे गळू लागली. ऑगस्टिनियन संघाच्या भव्य देवळाची कमान १८४२ साली खाली आली, दर्शनी भाग १९३१ साली पडला. आता एका बुरुजाचा सुळका तेवढा उभा आहे. व्हाइसरॉयचा राजवाडा १८२० साली उतरवला आणि त्याचे दगड पणजीच्या बांधकामाला नेले. आपल्या गढीची माती आणि त्यांचे चिरे, गोष्ट एकच!

मग प्रश्न असा की राज्यसत्तेचा वाडा गेला, धर्मन्यायालयाचा वाडा गेला, मग आर्चबिशपचाच कसा राहिला? मला याचे कारण फार साधे दिसते. गादी उठून गेली, तरी शेजारच्या 'से'मधली उपासना थांबली नाही. जेथे रोज घंटा वाजते तेथे कोणी तरी दार उघडतो, कोणी तरी झाडतो, पावसाळ्याआधी कोणी तरी कौले परततो. गोव्यात शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. जांभा हा सच्छिद्र दगड. त्यावर चुन्याचा गिलावा हवाच, नाहीतर पाणी आत शिरून दगड झिजतो. जवळच्या बॉम जेझुस देवळाचा बाहेरचा गिलावा १९५० च्या सुमारास काढून टाकला. तांबडा दगड पाहायला सुंदर दिसतो, पण तेव्हापासून तो पावसाच्या तडाख्यात आहे आणि जाणकारांना त्याची चिंता आहे. घर मोठेपणाने टिकत नाही, निगेने टिकते. व्हाइसरॉयच्या वाड्याला मोठेपणा होता. निगा ठेवणारे निघून गेले. ह्या वाड्याला निगा मिळाली. नंतरच्या काळात त्याचा उपयोग ख्रिस्ती कलावस्तूंच्या दालनासाठी झाला, आणि हा सारा देवळा-मठांचा समूह १९८६ साली जागतिक वारसा म्हणून मान्य झाला.

एक शेवटचे साल सांगतो. पहिला बिशप आला १५३८ साली. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. आणि १९७८ साली राऊल गोन्साल्विस हे गोव्याच्या गादीवर आले. त्या भूमीतला माणूस गोव्याचा आर्चबिशप झाल्याची ती पहिली वेळ. मध्ये ४४० वर्षे गेली. दिवाडीच्या त्या महाल्यांच्या मुलाने जे मागितले होते ते इतक्या काळाने मिळाले. ज्याला ह्या ४४० वर्षांचा अर्थ समजून घ्यायचा आहे त्याने मांडवीच्या काठावर उभे राहावे, एकदा दिवाडीकडे पाहावे आणि मग मागे वळून त्या वाड्याकडे पाहावे. वाडा नसता तर वळून पाहायला काय उरले असते?

आता माझ्या स्नेह्यांच्या प्रश्नाचे उत्तर. कोणी म्हणेल, ज्या सत्तेने आमची देवळे पाडली तिचे घर आम्ही का जपावे? पाडून टाकावे, म्हणजे अपमान पुसला जाईल. मला हे पटत नाही. अपमान असा पुसला जात नाही. त्याचा साक्षीदार तेवढा नाहीसा होतो. न्यायालयात ज्याची बाजू खरी असते तो साक्षीदाराला जपतो. ही वास्तू मेनेझिसच्या वैभवाची साक्षीदार आहे, तशीच अल्जूबमध्ये कुजलेल्या माणसांची आहे; पहिल्या छापील पुस्तकांची आहे, तशीच मुकाट झालेल्या जिभांची आहे. आणि तिची निगा ठेवणारे आजचे गोमंतकीय ख्रिस्ती हे आपलेच बंधू आहेत. त्या घराचा जाच त्यांच्या पूर्वजांनीही सोसला आहे.

आपल्या गढ्यांचेही तसेच आहे. गढीत कोणी शूर राहिला असेल, कोणी जुलमी राहिला असेल. कोणी दुष्काळात पेव उघडून दिले असेल, कोणी बंद ठेवले असेल. ते सगळे आपले आहे. माझी विनंती फार मोठी नाही. गढी बांधायला पैसा लागतो, तो कोठून येईल हे मी सांगू शकत नाही. पण गावातल्या म्हाताऱ्या माणसांना गढीविषयी काय ठाऊक आहे ते वहीत उतरवून घ्यायला पैसा लागत नाही. घरच्या ट्रंकेतले मोडीतले कागद वाळवीला देण्याआधी एखाद्या जाणत्याला दाखवायला पैसा लागत नाही. ह्या उन्हाळ्याच्या सुट्टीत येथल्या शाळेतल्या चार मुलांनी एवढे केले, तर गोव्याचा तो वाडा राळेगावात आणल्याचे मला समाधान वाटेल.